घराण्यात आणखी कुणी?

तोर्शहाव्नच्या दवाखान्यात डॉक्टर सुन्निवा
कोऱ्या कागदावर चौकोन आणि गोल काढतात.
चौकोन पुरुष, गोल बायका.
"घराण्यात आणखी कुणी?"
बाइनिर खिडकीबाहेर बघतो,
म्हणून मीच सांगते.

आजोबांचा धाकटा भाऊ, हानुस.
जूनच्या एका रात्रीत त्यानं अख्खी होडी रंगवली,
मग चर्चचं दार, मग शेजाऱ्याचा मेंढा. निळा.
गाव अजून हसतं त्यावर.
त्याच हिवाळ्यात त्यानं अंथरूण धरलं,
होड्या पाण्यात उतरल्या तरी सोडलं नाही.
त्यावर कुणी हसत नाही. बोलतही नाही.
डॉक्टर एक चौकोन काळा करतात.

मग आत्या.
कड्यावरून घसरली, असं आमच्यात म्हणतात.
पेन्सिल थोडी थांबते.
मग तो गोलही.

"म्हणजे रक्तातच आहे?"
त्या माझ्या स्वेटरची बाही चिमटीत धरतात.
"यातला नेमका कुठला धागा ऊब देतो, दाखव.
तसंच ते. शेकडो धागे, एकेकटे निरुपद्रवी.
वर वडिलांचं बुडणं, वर ट्रॉलरवरच्या रात्रपाळ्या,
वर आपला हा न मावळणारा जून.
विणलं जातं. कुणी मुद्दाम विणत नाही."
आई बाहेर बाकावर बसली होती.
हे वाक्य खरं तर तिला हवं होतं.

गोळी म्हणजे एक मीठच, त्या म्हणाल्या, खडकात सापडणारं.
मिठात मासे टिकवणारी माणसं आम्ही;
माणूसही टिकतो, हे नवं होतं.

दर तीन महिन्यांनी रक्त. पॉइंट सात, ठीक.
कमी पडलं तर लाट, जास्त झालं तर विष.
सारखी तहान. हात थरथरतो, चहा बशीत.
त्याच्या खिडकीला मी काळं घोंगडं ठोकलं:
दहाला झोप, मग बाहेर ऊन का असेना.
दोनदा त्यानं गोळ्या संडासात ओतल्या.
"तेव्हा समुद्र माझ्याशी बोलायचा, मार्युन.
आता नुसता आवाज करतो."
माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

काल त्यानं होडी पालथी घातली,
रंगाचा डबा उघडला. निळाच.
माझ्या पोटात गोळा.
खिडकीशी उभी राहून घासलेलीच भांडी घासत राहिले.

पावणेदहाला तो आत आला.
ब्रश टर्पेंटाइनच्या बरणीत,
होडीची एक बाजू ओली, दुसरी उघडं लाकूड.
"उरलेलं उद्या," म्हणाला.
घोंगड्याआडून त्याचं घोरणं येईपर्यंत
मी नळ बंद केला नाही.