वीस मिनिटांचा अंधार

बेर्गदीस म्हणाली, दिवे घालवा. सगळे.
खिडकीच्या फटीत पोतं कोंबा.
डोळा अंधारात मुरू द्यावा लागतो,
त्याशिवाय तो खरं बोलत नाही.
वीस मिनिटं.

मग मेंढवाड्यात फक्त रवंथ
आणि फ्योर्डावरून येणारा वारा, पत्र्याला झोंबत.
मी गोलाच्या मानेत हात घालून बसलो.
गोला म्हणजे आमच्या आइसलँडात झुळूक.
लोकरीखाली ती थरथरत होती, थंडी नसताना.
गेले आठ दिवस उंबरा ओलांडताना
तिचा पाय हवेतच थांबायचा,
अंधारात पायरी चाचपावी तसा.
मी डोळेझाक केली. आठ दिवस.
हेही लिहून घे, बेर्गदीस.

बाबांना नुसत्या नजरेवरून कळायचं.
म्हणायचे, ही माझ्याकडे नाही बघत, माझ्या पलीकडे बघते.
त्या वर्षी तीनशे बारा गेल्या, एका दिवसात.
टेकडीमागे एक कुंपण आहे, आत काहीच नाही.
आम्ही ते दर उन्हाळ्यात रंगवतो.

अंधारातून तिनं विचारलं, एकूण किती?
मी आकडा सांगायच्या ऐवजी नावं सांगत सुटलो.
मोरा. फ्लेका. सुर्त्ला. सुर्त्लाची थोरली.
तिनं थांबवलं नाही.

मेंदू हाडाच्या पेटीत बंद.
त्याचा एवढाच धागा बाहेर डोकावतो,
बुबुळामागे, ओला.
म्हणून तिथं विचारायचं.
तिनं बोटानं पापणी वर केली, काचेची टिकली बसवली,
केसाएवढी तार.

आणि लखकन उजेड.
माझ्या खांद्यावरून तो पुढे गेला, आणि भिंतीपर्यंत
सगळ्यांचे डोळे एकदम हिरवे पेटले,
विझले.
त्यांना तर कुणी विचारलंही नव्हतं.

पडद्यावर गोलाची रेघ चढली.
उशिरा.
पापणी लवायला लागतो त्याहून कितीतरी थोडा उशीर.
पुन्हा उजेड. पुन्हा तेवढाच.
तिसऱ्या वेळी बेर्गदीस माझ्याकडे बघत होती
आणि मी रेघेकडे.

खात्री?
खात्री मेंदू हातात आल्यावर, ती म्हणाली,
हे फक्त डोळ्याचं म्हणणं.

तिनं टिकली काढली, मिठाच्या पाण्यानं डोळा पुसला.
गोलानं तिच्या मनगटावरचं मीठ चाटलं,
नीट, चवीनं.

पोतं काढलं. बाहेर अजून दुपारच होती.
गवत टाकायची वेळ झाली होती, मी टाकलं.
गोलालाही. रोजच्याएवढंच.