छत्तीस भोकांचा हब

नाना पेठेत, जिथे दुकानांच्या कपाळावर
टायरांच्या माळा लोंबतात,
रेश्मा कुचेकरनं मला पहिला प्रश्न विचारला:
"वजन?"
मी ब्याऐंशी म्हणालो.
तिनं एकदा पोटाकडे पाहिलं
आणि वहीत अठ्ठ्याऐंशी लिहिलं.

मला हवी होती उंच काठाची काळी कार्बनची रिम,
रविवारी पहाटे मला मागे टाकणाऱ्या पोरांची असते तशी,
वाऱ्यात हुंकारणारी,
जिच्या किमतीत माझी पहिली स्कूटर
तीनदा आली असती.

"कुठं चालवता?"
बोपदेव. कधी डोणज्यापर्यंत.
"उतरताना ब्रेक धरून ठेवता की सोडत सोडत?"
असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.
धरून ठेवतो, मी म्हणालो. घाबरतो.
"मग ॲल्युमिनियम. कार्बन तापतं.
आणि कोंढव्यातला खड्डा रिमची किंमत बघत नाही."

मग मी पिशवीतून हब काढला,
माळ्यावरच्या बिस्किटाच्या डब्यातला,
बनियनच्या फडक्यात गुंडाळलेला.
तिनं तो कानाशी धरून फिरवला.
"राखलाय चांगला. कुणाचा?"
दादाचा. प्रभंजनचा.
"मग त्यांना आणा की चाक बघायला."
नाशिकला असतो, मी म्हणालो.
नाशिक दोनशे किलोमीटर आहे.
सहकारनगरचा फ्लॅट विकला त्या दिवसापासून
जरा जास्त.

ती पेनाच्या टोकानं भोकं मोजत होती.
"छत्तीस. हल्ली चोवीसच्या वर कुणी जात नाही.
एवढ्या भोकांची रिम मागवावी लागेल, आठ दिवस."
वहीत तिनं आकडा लिहिला: ३६.
मी बघत राहिलो त्या दोघांकडे,
पाठ फिरवून बसलेले,
आणि तरी एकाच घरात.

तारांचं मात्र तिनं मला निवडू दिलं.
दोन जुड्या समोर ठेवल्या:
एक सरसकट जाड,
एक टोकांना जाड, मध्ये बारीक.
मी अर्थातच जाड उचलली.
"ही हट्टी," ती म्हणाली,
"खड्डा आला की वाकत नाही, कोपरात तुटते.
ही दुसरी थोडी ताणते, परत येते."
बारीक कंबरेची तार मी बोटावर तोलली.
माझा विश्वास बसला नाही. मी तीच घेतली.

नवव्या दिवशी चाक बांधताना
तिनं मला स्टुलावर बसू दिलं.
निपलच्या आट्यांना जवसाचं तेल
(आमच्याकडे जवसाची फक्त चटणी होते),
मांडीवर रिम, तोंडात चार तारा,
एक वरून, एक खालून, तीनदा ओलांडून.
मी विचारलं, उजवीकडच्या एवढ्या ताठ
आणि डावीकडच्या ढिल्या का?
तोंडातल्या तारा काढून ती म्हणाली,
"उजवीकडं गिअर बसतात. जागा कमी.
दोन्हीकडं सारखं ओढलं
तर चाक मध्यावर येत नाही."

मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
स्टँडवर चाक फिरत होतं,
ती नखानं तार छेडायची, ऐकायची,
चावी पाव फेरा, मागे थोडी.
आऊट निघेपर्यंत बाहेर
टेम्पोवाल्याची दोनदा भांडणं झाली.

निघताना तिनं दोन जादा तारा
रबरबँड लावून हातात दिल्या,
एक उजवीची, एक डावीची,
लांबीत दोन मिलिमीटरचा फरक.
"उलट्या लावू नका. आणि पहिले चार दिवस
आवाज करतील. बसताहेत म्हणायचं."

केली त्यांनी. येवलेवाडीच्या चढाला
टिक, टिक,
कुणीतरी बोटं मोडावीत तशी.

रात्री चाकाचा फोटो काढला.
चार वर्षांत पहिल्यांदा त्या नंबरवर काही पाठवलं,
खाली एक अक्षर लिहिलं नाही.
अकरा वाजून गेले होते.
उत्तर आलं: "क्रॉस किती?"
मी लिहिलं, तीन.