नववी ब, सातवी लेव्हल

एक सूक्ष्मदर्शक, बेचाळीस मुलं, आरसा तडकलेला.
कांद्याचा पापुद्रा बघायला रांग लावली
तर शेवटच्या बाकाची पाळी येईस्तोवर
तास संपतो, पापुद्रा वाळतो.
म्हणून मुख्याध्यापकांकडून लेखी परवानगी काढली:
गुरुवारी, पाचवा तास,
तिघांत एक मोबाइल, आवाज बंद.

तेव्हापासून दत्तवाडीतल्या आमच्या शाळेत
दर गुरुवारी चौदा हृदयं धडधडतात.
मुकी.

खेळ साधा आहे. तुम्ही एक तांबडी पेशी.
फुप्फुसात प्राणवायू भरायचा,
पायाच्या करंगळीला नेऊन द्यायचा.
मी घरी खेळते, कुकरच्या तीन शिट्ट्यांत
सातव्या लेव्हलला प्लीहेत मरते.

हृदयाची झडप मी वीस वर्षं फळ्यावर काढली.
मिस्बाह शिकलगारने एका दमात सांगितली:
"मॅडम, एफसीने जायचं, जेएमने यायचं.
उलटं शिरलं की मामा पावती फाडतो."

पासलकरकडे मोबाइल नाही.
पहाटे पेपर टाकतो, दुपारी पेंगतो,
घटक चाचणीत वीसपैकी सहा.
दोघांच्या खांद्यांमधून डोकावत म्हणाला,
"हे चुकलंय."
काय चुकलंय?
"हिच्या पोटात जांभळा ठिपका काढलाय. केंद्रक.
तांबड्या पेशीला नसतं ना ते?
तुम्हीच म्हणाला होता,
प्राणवायूला जागा व्हावी म्हणून टाकून देते."

म्हणाले असेन. जुलैत कधीतरी.
वीज गेलेली, वर्ग निम्मा झोपलेला,
मला वाटलं होतं, भिंतीलाच सांगतेय.

चौदा पडदे थांबले. चौदा ठिपके.
चार महिने मी त्या ठिपक्यासकट मरत होते
आणि मला दिसला नव्हता.

मग रेघी कागदावर पत्र लिहिलं,
खेळ बनवणाऱ्यांना, मराठीतच,
"सप्रेम नमस्कार"पासून.
खाली बेचाळीस सह्या, एक शाईचा डाग.
फोटो काढून पाठवला.
उत्तर नाही अजून.

सहामाहीचे पेपर काल तपासले.
पासलकरची आकृती: एक वर्तुळ,
मधे किंचित दाबलेलं,
आत काही नाही. नावंही दिलेली नाहीत.
इतकी नेटकी तांबडी पेशी
या वर्गात कुणी काढली नव्हती.

प्रश्न वनस्पती पेशीचा होता.

लाल पेन धरून बराच वेळ बसले.
मग शून्य दिलं.
तेही गोल, आतून मोकळं,
आणि हात हलला म्हणून
मधे किंचित दाबलेलं.