पांढऱ्याचा भाव

रुसैलच्या कंपनीत मी खरेदी बघते.
पंप, व्हॉल्व्ह, गास्केट, बेअरिंग:
कशालाही तीन कोटेशनं, मग तुलनापत्रक, मग साहेबांची सही.
सोळा वर्षांत पुरवठादाराकडून
साधी डायरीसुद्धा घेतलेली नाही.
आणि सवय अशी मुरलेली, की कलिंगडही
तीन दुकानांत ठोकून बघते.

म्हणून शुक्रवारी, सीबच्या रोपवाटिकेत,
हिरव्या जाळीखाली, कूलरच्या दमट वाऱ्यात
तीन कुंड्या एका रांगेत लावायला सांगितल्या.
मोफज्जल म्हणाला, दीदी, तिन्ही मनी प्लांटच.
खरंच होतं.
तिघींची पानं विड्याच्याच घाटाची.

मार्बल क्वीन. दीड रियाल.
दूध नासावं तसं पांढरं पानभर फुटलेलं,
कुठे गुठळी, कुठे नुसतं पाणी.

एन्जॉय. चार रियाल दोनशे बैसा.
पान लहान, हद्द स्पष्ट,
मोजणीवाल्यांनी दगड रोवून दिल्यासारखी.
इकडे हिरवं, तिकडे पांढरं, भाऊबंदकी नाही.

मंजुळा. अकरा.
अकरा!
उचलली, उजेडात धरली, फिरवली.
कडा जरा मुरडलेल्या,
हिरव्यात साय, सायीत पुन्हा हिरवे शिंतोडे.
आमच्या वर्गात एक मंजुळा होती, घाडींची.
एका वेणीला लाल रिबीन, दुसरीला निळी,
कारण घरात जोडीतली एकेकच उरलेली.
आम्ही हसायचो.
दोन रंगांचा तेव्हा कुणी भाव केला नव्हता.

कुंडीत एक कार्ड टोचलेलं:
फांदी तोडून नवीन रोप करण्यास मनाई, हक्क राखीव.
मनी प्लांटला!
जो विकत आणला तर रुसतो
आणि चोरून आणला तरच फोफावतो
असं आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.
आमच्याच मजल्यावरच्या हमीदाभाभी पेवेकर:
व्हिम्टोच्या बाटलीत एकोणीस वर्षं, शुद्ध हिरवा,
पडद्याच्या दांडीवरून दोनदा फिरून आलेला.
कुठल्या बँकेच्या लॉबीतून खुडला, अजून सांगत नाहीत.

एवढा फरक कशाचा रे, मी विचारलं.
पांढऱ्याचे पैसे, दीदी.
हिरवं स्वतःचं रांधून खातं.
पांढऱ्याला चूल नाही, ते हिरव्याच्या ताटात जेवतं.
म्हणून वाढ हळू, म्हणून महाग.
आणि सगळंच पान पांढरं आलं तर?
छान दिसतं. मग जातं.
तेवढ्यात त्याचा फोन वाजला, घरून.
बोलणं बंगालीत, मला कळला तो फक्त आकडा,
आणि तोच आकडा त्यानं तीनदा सांगितला,
पायानं पाइप सरळ करत.

मी मनात घसारा धरला.
माझी खिडकी उत्तरेची, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत.
उजेड कमी पडला की म्हणे झाड शहाणं होतं,
नवी पानं हिरवीच काढतं.
म्हणजे अकरा रियालची मंजुळा
वर्षभरात भाभींच्या बाटलीएवढी.
शिवाय व्हिसा मार्चपर्यंत.
नऊवर आला तो. मी साडेआठ म्हटलं.
दोघंही हसलो, आणि मी मार्बल क्वीन घेतली.
सर्वांत कमी दर. साहेबांनी डोळे झाकून सही केली असती.

घरी पिशवी रिकामी केली
तर तळाशी ओल्या वर्तमानपत्राच्या सुरळीत
मंजुळेचा तुकडा. एक पेर, दीड पान.
मी तोडला नव्हता.
मी मागितलाही नव्हता.

परत द्यायचा तर शंभर किलोमीटरचं जाणं-येणं नाही,
वीस मिनिटांचा रस्ता आहे.
गेले नाही.

काचेच्या पेल्यात ठेवलाय.
विकत घेतलेला नाही, चोरलेलाही नाही;
असा मनी प्लांट लागतो का,
याबद्दल आमच्याकडे कुणीच काही सांगून ठेवलेलं नाही.
रोज ऑफिसला निघताना पेला उचलून बघते.
आज नववा दिवस.
पेरापाशी काहीतरी टोचरं, पांढरं.