मीटर मेलेला

मंगळवारी पंचिंग मशीन भंगारात गेलं.
काटा एकशे चाळीस किलोवर थांबला,
छत्तीसचा भाव, पाच हजार चाळीस.
सत्तावीस वर्षं मी जकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडली,
मोराला, कमळाला,
लग्नाच्या टॉवेलांवरच्या नावांना.
आता नक्षी पेनड्राइव्हमधून येते.

भिशीचे सहा हजार त्यात घातले
आणि नव्या पेठेत, जिन्याखाली,
दस्तगीर नदाफच्या काउंटरशी जाऊन उभा राहिलो.
म्हटलं, मोठ्या निगेटिव्हचा पाहिजे.
सहा बाय सहा. रोलवाला.
तो म्हणाला, मोबाईल बिघडला काय?

मग एकेक काढून ठेवत गेला लाल फडक्यावर.

रशियन लुबिटेल. हलकी, प्लास्टिकची,
काचेत बघावं तर भर दुपारी तिन्हीसांज.
चिनी सीगल देखणी, पण रोल सरकवताना
दात घसरतात, फोटोवर फोटो चढतो.
एका खोलीत दोन बिऱ्हाडं, दस्तगीर म्हणाला.
आग्फा क्लिक दीड हजाराचा,
तो त्यानं स्वतःच मागं सारला, काही न बोलता.
घडीचा जर्मन होता एक, खिशात मावणारा.
मला तोच आवडला.
पण दिवा घालवून त्यानं भात्यात टॉर्च धरली
आणि घडीघडीच्या कोपऱ्यात चांदण्या उगवल्या.
मी मोजल्या, सवयीनं. एकोणीस.
जन्मभर भोकांची मजुरी खाल्ली,
इथं एकही चालत नाही.

शेवटी याशिका.
चालू मीटरची बावीसला जाते, तो म्हणाला,
हिचा मीटर मेलाय. तेरा दे.
मी बाहेर बघितलं.
एप्रिल. डांबरावर हवा थरथरत होती,
समोरचा कुलूपकिल्लीवाला छत्री इंच इंच सरकवत
सावली पुरवून पुरवून वापरत होता.
म्हटलं, सोलापुरात ऊन मोजायला मीटर लागतो होय?
दस्तगीर हसला नाही.
साडेदहा, म्हणाला.

उरले पाचशे चाळीस. नवा रोल नऊशेचा.
त्यानं घरच्या फ्रिजमधून, इन्सुलिनच्या शेजारून,
तारीख उलटलेला एक मागवून दिला, फुकट.
बारा फोटो. येतील, न येतील.

राजमणीनं हिशोब विचारला.
नऊशे भागिले बारा, सांगितलं,
शिवाय धुवायला पुण्याला पाठवायचा.
पंच्याहत्तरला एक?
पाव किलो शेंगाचटणी येते त्यात.
आणि काढणार कशाचा?
शेडच्या फरशीवर चार बोल्टांचे चार डाग राहिलेत,
मधे तेलाचा काळा चौकोन.
तेवढा काढायचा होता. बोललो नाही.

तिनं वरचं झाकण उघडलं, आत वाकून बघितलं,
विड्या वळताना सुपात बघते तशी.
काचेत अंगण, दोरीवरचे कपडे, पाण्याचं पिंप.
पिंप उजवीकडं होतं, तिनं कॅमेरा उजवीकडं वळवला,
पिंप पळालं.
अजून वळवला, पार काचेबाहेर.
अय्यो, म्हणाली,
ही तर चादरीची उलटी बाजू.

लाल तिथं पांढरं, पांढरं तिथं लाल,
मोर तोच, तोंड तिकडं.
रोलच्या आतही असंच काही असणार, काळ्यात पांढरं.
पुठ्ठे मी पाडले,
आणि हे सुचलं तिला, जिनं मागाला हात लावला नाही.

म्हटलं, पहिला तुझाच काढतो, अशीच उभी राहा.
थांबा, म्हणाली, पंच्याहत्तर रुपये आहेत,
केस विंचरून येते.

भिंतीवरचं ऊन बघून मी सोळावर ठेवलं.
आतून डबा उघडल्याचा आवाज आला, मग कपाटाचा.
ऊन पायरीवरून खाली गेलं.
अकरा.
आलेच, म्हणाली.
आठ.