मी आलं

सोमवारी उद्यमनगर बंद.
लेथ गप्प, भट्ट्या थंड,
पत्र्यावर कावळा चालला तरी ऐकू येतं.
बागवानांच्या सायलेन्सरच्या दुकानावर, माळ्यात,
आम्ही चौघं खेळायला बसतो.
इर्शाद गोष्ट चालवतो, गणिताच्या वहीत नकाशा काढतो,
वृषाली मांत्रिक, सन्मती तिरंदाज,
मी यंत्रमानव.

वीस पैलूंचा फासा इर्शादनं पितळेत घडवलाय.
कुठंतरी किंचित जड आहे, सातावर जास्त पडतो.
मी व्हर्नियर लावून बघितलाय,
शिरोलीच्या फाउंड्रीत दिवसभर तेच करतो:
ओतीव माल मोजायचा, खोट काढायची.
ही खोट काढली नाही.

पत्रकावर लिहिलं:
नाव बीड सात. (जिल्हा न्हवं, लोखंड.)
बळ सोळा, चपळाई चार.
झोप नाही, भूक नाही.
खोटं बोलता येत नाही.
हे शेवटचं उगाच घातलं.
इर्शाद म्हणाला, जयू, पस्तावशील.

मग त्यानं विचारलं,
वेशीवर पहारेकरी हटकतोय, कोण म्हणून.
तुझं यंत्र काय म्हणणार?
आलो, का आली?

मी अडकलो.
आमच्यात बायकाही आलो म्हणतात, गेलो म्हणतात,
आई म्हणते, आज्जी म्हणायची,
भाजी मंडईत कुणाला वावगं वाटत नाही.
पुण्यात मात्र, होस्टेलवर, पहिल्याच रात्री
मी जेवलो, म्हणालो
आणि टेबलभर पोरींच्या हातातले घास थांबले.
पुढं तीन वर्षं एकेक क्रियापद
गेजमधून पास करून तोंडाबाहेर सोडलं.
जेवले. झोपले. आले.
सुट्टीत एसटी पंचगंगेच्या पुलावर आली
की गेज खिशात.

तर बीड सात म्हणालं,
मी आलं.

कुणी हसलं नाही.
असं कुणी म्हणत नाही खरं.
साच्याच्या कोपऱ्यात रस पोचला नाही
की राहते तशी जागा होती ती,
आत बोट घातलं तर अजून कोमट.

दिवस बुडायच्या आत सन्मतीनं डबा काढला,
त्याचं अंधारात खाणं नसतं.
खेळ थांबला. बीड सात खिंडीत उभं राहिलं,
त्याला भूक नाही.
मी दोन चपात्या खाल्ल्या, चटणी संपवली.

मग दरड.
चोरांच्या गुहेतनं सोडवलेलं पोर,
इर्शादनं आवाज बारीक केला,
मी घरी पोचंन न्हवं?

फासा माझ्या हातात. बारा तरी हवे होते.
सात.

सगळे माझ्याकडं बघत होते.
हो म्हण की, वृषाली पुटपुटली, पोर हाय ते.
पण पत्रकावर माझंच अक्षर.

माहीत नाही, म्हणालं बीड सात.
पण मी जड आहे.
माझ्या मागनं चाल.

वृषालीनं मोबाईल उपडा ठेवला.
इर्शादनं नकाशातल्या खिंडीवर
पेन्सिलनं एक चौकोन काढला, भरला,
अन् बराच वेळ भरतच राहिला.

घरी पोचायला साडेनऊ.
आत मिक्सर चालू, फोडणीचा ठसका.
कोण गं? आई ओरडली.

मी आलं.

बरं झालं, संपलंच होतं.
ठेव ओट्यावर.