आकसाची पट्टी

बाबांच्या खिशात कायम एक खोटी पट्टी असायची.
फुटामागे एक सूत जास्त.
तिनं मी चौथीत समास आखला
आणि बाईंनी दोन मार्क कापले.

"खोटी न्हवं गं ती," बाबा म्हणाले,
"लोखंड निवतंय तसं आकसतंय.
तेवढं आधीच धरून लाकूड कापायचं."
फौंड्रीत तिला शिंकेज पट्टी म्हणतात.
मी आपलं मराठी केलं : आकसाची.
आकस या शब्दाचा दुसरा अर्थ
आमच्या जिल्ह्यात कुणाला सांगावा लागत नाही.

उद्यमबागेत, तिसऱ्या गेटच्या पलीकडं,
कल्लाप्पा सुतार सागवानातून झडपेचं पोट काढायचे,
ज्याचं नाव जिभेवर बसत नव्हतं अशा गावातल्या
कुठल्याशा पंपासाठी.
कोअरपेटीत, अगदी आत,
जिथं पुढं फक्त पाणी पोचणार,
ते पटाशीच्या टोकानं ज्वारीचा एक दाणा कोरायचे.
नकाशात नसलेला.
वाळूच्या गाभ्यावर तो दाणा उठून यायचा
आणि शिवलिंगण्णा ओरडायचा :
"येन सुतार, जोळ बित्तिदी?"
बाबा म्हणायचे, "उगवंल की."

आता मी तिथंच डिस्पॅचला आहे.
कागदावर लिहिते : मूळ देश, भारत.
जिल्ह्याला रकाना नाही. राज्यालाही नाही.
ज्या रकान्यापायी इथं पाट्यांना डांबर लागलं,
कोगनोळीच्या नाक्यावर एसट्या रात्रभर उभ्या राहिल्या,
तो रकानाच नाही.
त्याच नाक्यावरनं आमची लाकडी खोकी
ताडपत्री न उचलता बंदराकडं जातात.

हजेरीच्या फळ्यावर डॉलरचा भाव असतो.
कुणीतरी तिकडं एक खरेदीखातं
या शहरातनं त्या शहरात हलवतं
आणि मच्छ्याच्या खानावळीत
चाळीस भाकऱ्या उरतात.
सुमन्नाताई त्या दुसऱ्या दिवशी
चटणीत कुस्करून विकते. तिला
कारण विचारायची सवय राहिलेली नाही.

मग पॅटर्न फाइलमधनं यायला लागले.
मशीन राळेत कापतं,
आकस स्वतःच धरतं.
बाबा घरी. पट्टी खिशात.

आणि गेल्या मार्गशीर्षात
गोव्याच्या बंदरातनं चोर्ला चढून
भंगाराचा कंटेनर आला.
रेडिएटरच्या फासळ्या, कुणाच्या सायकलीचं हँडल,
एक बिनपायाची शेगडी,
आणि झडप.
शिवलिंगण्णाच्या पोरानं बापाकडनं दाण्याची गोष्ट ऐकलेली.
त्यानं आत बोट घातलं आणि मला फोन केला.

बाबा आले. बाही सारून
कोपरापर्यंत हात आत घातला,
अडलेल्या म्हशीच्या पोटात घालतात तसा.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "खरी पट्टी दे."
माझ्या टेबलावरची प्लास्टिकची दिली.
मापलं. बाहेरनं गंजानं खाल्लेलं,
आतनं बरोबर. अगदी बरोबर.

मालक म्हणाले, ठेवूया शोकेसमधे.
"कशाला? वजन झालंय, बिल झालंय,"
बाबा म्हणाले, "घाला भट्टीत."
आणि शिवलिंगण्णाच्या पोराकडं तंबाखू मागितली.

आम्ही ती नगावर विकली होती
आणि किलोवर परत घेतली.
दोन्ही भाव मला माहीत आहेत,
जुनं बुक माझ्याच कपाटात आहे.
बाबांनी विचारलं नाही. मीही काढलं नाही.

फक्त संध्याकाळी आवकीचे कागद लावताना
त्या मालासमोर छापलेलं वाचलं :
मूळ देश, जर्मनी.
पेन हातात होतं.
खाडाखोड केलेला कागद कस्टम घेत नाही.